टेस्टोस्टेरॉन कमी आलं म्हणून लगेच इंजेक्शन नको, आधी तपासणी तरी नीट होऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करण्यात माझी निम्मी उमर गेली. रक्त काढायचं, मशीनला लावायचं, रिपोर्ट द्यायचा, हेच माझं काम. मी डॉक्टर नाही, कुणाला औषध सांगायचा मला अधिकार नाही आणि या पत्रातही मी ते करणार नाही. पण टेस्टोस्टेरॉनच्या, म्हणजे पुरुषी हार्मोनच्या तपासणीचा आणि त्यापुढच्या इंजेक्शनांचा जो खेळखंडोबा गावात चाललाय तो रोज डोळ्यासमोर बघून आता गप्प बसवत नाही, म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, पण शक्य असेल तर न कापता छापा ही विनंती.

पूर्वी ही तपासणी क्वचित यायची. मूल होत नाही म्हणून एखाद्या जोडप्यातल्या नवऱ्याची, नाहीतर पोरगं वयात यायला उशीर झाला म्हणून बालरोगतज्ज्ञांनी पाठवलेली. आता फुल बॉडी पॅकेजमध्ये ती घातलेली असते, मोबाईलवर कुणीतरी पिळदार दंडाचा माणूस सांगतो की थकवा आहे ना मग टेस्टोस्टेरॉन चेक करा, जिममधला ट्रेनर सांगतो, आणि चिठ्ठी नसली तरी लोक स्वतःहून येतात. तपासणी करण्यात वाईट काही नाही, पण ती कशी होते बघा. शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतनं शिफ्ट सुटली की माणूस थेट लॅबमध्ये येतो, संध्याकाळचे सहा-साडेसहा वाजलेले, वाटेत वडा आणि चहा झालेला, कधी दोन दिवस ताप येऊन गेलेला. चिठ्ठीवर एकच ओळ, सिरम टेस्टोस्टेरॉन. आकडा येतो २६०. रिपोर्टवर तो ठळक अक्षरात छापला जातो, बाजूला 'लो' असं येतं, आणि दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी त्याच्या दंडात नाहीतर कमरेत इंजेक्शन गेलेलं असतं. ही तपासणी झालीच नाही असं मी म्हणतो, मग बाकीचे काहीही म्हणोत.

कारण असं आहे की हे हार्मोन दिवसभर एकसारखं नसतं. पहाटे-सकाळी ते सगळ्यात जास्त असतं आणि दिवस वर येईल तसं उतरत जातं, तरुण माणसात तर संध्याकाळचा आकडा सकाळपेक्षा पाव हिश्श्यानं सुद्धा कमी भरू शकतो. जेवण झालं, साखर पोटात गेली की ते खाली येतं. आजारपणात, ताप-खोकल्यात, झोप नीट झाली नाही तरी खाली येतं. म्हणून सॅम्पल सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, आजारी नसताना द्यायचं. आणि एकदा कमी आलं तर दुसऱ्या एका दिवशी सकाळी परत बघायचं, कारण पहिल्यांदा कमी आलेल्यांपैकी जवळपास ३० टक्के लोकांचं दुसऱ्यांदा नॉर्मल येतं. हे काही माझं मत नाही, एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे स्पष्ट दिलेलं आहे आणि हार्मोन्सचा कुठलाही तज्ज्ञ डॉक्टर हेच सांगेल. शंभरातल्या तीस जणांना दुसरी तपासणी न करता आयुष्यभराच्या औषधाला लावायचं ही केवढी मोठी गोष्ट आहे याचा विचार करा. रात्रपाळीवाल्यांचं घड्याळच उलटं फिरलेलं असतं, त्यांनी सॅम्पल द्यायच्या आधी डॉक्टरला आणि लॅबला दोघांनाही तसं सांगावं, झोपून उठल्यावर दोन-तीन तासांत रक्त दिलेलं त्यांच्यासाठी बरं.

आकड्याबद्दलही लोक फार घाबरतात म्हणून थोडं सांगतो. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली कमी धरते. एंडोक्राइन सोसायटीनं १९ ते ३९ वयाच्या निरोगी आणि लठ्ठ नसलेल्या पुरुषांची रेंज २६४ ते ९१६ दिली, आणि ती सुद्धा अमेरिका-युरोपातल्या पुरुषांच्या रक्तावरनं काढलेली. म्हणजे मोठमोठ्या संस्थांची सुद्धा रेघ एका जागी नाही, मग २९० आलं म्हणून माणूस रोगी आणि ३१० आलं म्हणून ठणठणीत असं कसं होईल. त्यात युनिटचा घोळ वेगळा. एका लॅबच्या रिपोर्टवर ३४२ असतं, दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टवर ३.४२ असतं आणि तिसरीकडं ११.९ असतं, आणि हे तिन्ही एकच आहे, एक नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, एक प्रति मिलिलिटरमध्ये आणि एक नॅनोमोलमध्ये. ३४२ वरनं एकदम ३.४२ वर आलं म्हणून कौंटरवर घाम फुटलेली माणसं मी बघितलीत. दोन रिपोर्ट शेजारी ठेवताना आधी युनिट बघा, आणि जमलं तर दोन्ही वेळा एकाच लॅबमध्ये द्या.

अजून एक, केस गळतात म्हणून पोरं बायोटिनच्या जादा ताकदीच्या गोळ्या खातात. बऱ्याच मशीनवरच्या हार्मोनच्या तपासण्या बायोटिनमुळं बिघडतात, टेस्टोस्टेरॉन आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतं आणि एलएच (अंडकोषाला हुकूम देणारं हार्मोन), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), पीएसए (प्रोस्टेटची तपासणी) हे कमी दिसू शकतात. अमेरिकेच्या एफडीएनं २०१७ सालीच याबद्दल इशारा दिलाय. गोळी चालू असेल तर सुई टोचायच्या आधी सांगा, निदान दोन-तीन दिवस बंद ठेवून या. आम्ही विचारत नाही असं होऊ नये, पण गर्दीत राहून जातं, तर तुम्हीच सांगा.

आता नुसता आकडा कमी आला म्हणजे आजार झाला का, तर तसंही नाही. तक्रार पाहिजे, आणि तक्रार त्याच जातीची पाहिजे. लैंगिक इच्छा कमी होणं, सकाळचा ताठरपणा जाणं, दाढी आधीपेक्षा कमी वाढणं, छाती बाईसारखी फुगणं, अंडकोष लहान होणं, मूल न होणं, कमी वयात हाडं ठिसूळ होणं, ही याची खरी लक्षणं. थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं ही दहा कारणांनी होतात. थकव्यासाठी आलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, शुगर बघितलं तर त्यातच उत्तर सापडतं असं कितीतरी वेळा होतं. युरोपात आठ केंद्रांवर ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांवर पुरुषांचा अभ्यास झाला होता, २०१० साली छापून आला, त्यात कमी आकडा आणि इच्छा, सकाळचा ताठरपणा, संबंधाच्या वेळचा ताठरपणा या तिन्ही तक्रारी एकत्र असलेले पुरुष मोजले तर ते २.१ टक्के भरले. जाहिराती ऐकल्या तर वाटतं चाळिशीनंतर प्रत्येकाला हा आजार आहे. वयाप्रमाणं वर्षाला एखाद टक्का उतरतच असतं, त्याला आजार म्हणत नाहीत.

खरोखर कमी आहे हे दोन सकाळी ठरलं की पुढचा प्रश्न का कमी आहे हा, आणि इथंच सगळ्यात जास्त हलगर्जीपणा होतो. शेतातल्या पाईपला पाणी आलं नाही तर आपण मोटर जळाली का लाईटच नाही हे आधी बघतो, न बघता नवीन मोटर आणत नाही. तसंच अंडकोष कामाला कमी पडतायत का त्यांना वरनं हुकूमच येत नाही हे बघायला एलएच आणि एफएसएच या दोन तपासण्या आहेत. हे दोन्ही हार्मोन मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतनं येतात. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच-एफएसएच वाढलेले, म्हणजे दोष अंडकोषात. टेस्टोस्टेरॉन कमी आणि हे दोन्हीही कमी किंवा नुसते नॉर्मल, म्हणजे दोष वर. पहिल्यात मोठेपणी गालफुगी होऊन अंडकोष सुजलेले असतात, कॅन्सरचं केमो झालेलं असतं, जन्मजात गोष्टी असतात. दुसऱ्यात पिट्युटरीची गाठ, प्रोलॅक्टिन वाढणं, शरीरात लोह साठणं, लठ्ठपणा, शुगर, वेदनाशामक अफूजन्य औषधं, सांधेदुखीवर घेतलेलं स्टेरॉइड असं काहीही. दोन्हींचे उपचार वेगळे. आणि एकदा बाहेरनं टेस्टोस्टेरॉन दिलं की एलएच-एफएसएच आपोआप दाबले जातात, मग नंतर तपासून काही कळत नाही, पुरावाच पुसला जातो. म्हणून पहिल्या इंजेक्शनच्या आधी या दोन तपासण्या झाल्याच पाहिजेत, पैसे वाचवायचे असतील तर पॅकेजमधलं दुसरं काहीही वाचवा.

एक आई तिच्या पोराला घेऊन आली होती ते सांगतो. पोरगं बारावीतलं, उंच, हातपाय लांबसडक, चेहऱ्यावर लव सुद्धा नाही. शाळेत पोरं चिडवायची म्हणून कॉलेजला जायचं टाळायला लागलं होतं. आई सारखी त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावत होती, छाती दिसू नये म्हणून, आणि ते पोरगं तिचा हात बाजूला सारत होतं. नातेवाइकांनी काय काय सांगितलं होतं, लग्न केलं की होईल, अंडी खायला घाला, तालमीत पाठवा. एका चांगल्या डॉक्टरनं मात्र हात लावून तपासलं आणि टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच आणि गुणसूत्रांची तपासणी लिहून दिली. एलएच-एफएसएच दोन्ही भरपूर वाढलेले आले, कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांचा रिपोर्ट, ४७ एक्सएक्सवाय आला, म्हणजे एक एक्स गुणसूत्र जास्तीचं. याला क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात, १९४२ साली याचं पहिल्यांदा वर्णन झालं, आणि साधारण सहाशे मुलग्यांमागं एकाला हे असतं. म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात अशी किती मुलं आणि माणसं असतील याचा हिशोब करा, आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर हे कळत नाही, लग्नानंतर मूल होत नाही तेव्हा काहींना कळतं. अशा पोरांना टेस्टोस्टेरॉन खरोखर लागतं आणि ते वेळेवर मिळालं तर हाडं, स्नायू, आवाज, मनाची उभारी सगळ्याला फरक पडतो. माझी तक्रार औषधावर नाही हे एवढ्यासाठी सांगितलं. ज्याला पाहिजे त्याला मिळत नाही आणि ज्याला नको त्याला टोचलं जातंय, हे माझं दुखणं आहे. असंच एक कारण काल्मन सिंड्रोम म्हणून आहे, त्यात वयात यायचं राहतं आणि वासही येत नाही. वास येतो का हे विचारायला एक पैसा लागत नाही.

वर प्रोलॅक्टिन आलं, ते पिट्युटरीतनंच येणारं आणखी एक हार्मोन, त्याचं थोडक्यात सांगतो. ते वाढलं की टेस्टोस्टेरॉन पडतं. पिट्युटरीत गाठ असेल तर डोकं दुखतं, दोन्ही बाजूंचं दिसायला कमी होतं, आणि बहुतेक वेळा कॅबरगोलिनच्या गोळीनं ती गाठ आकसते, ऑपरेशन लागत नाही. पण गाठ नसतानाही प्रोलॅक्टिन वाढतं आणि त्याचं एक कारण आपल्या घराघरात आहे, ॲसिडिटीची ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची कॅप्सूल. तिच्यात पुष्कळदा डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड घातलेलं असतं आणि ही दोन्ही औषधं प्रोलॅक्टिन वाढवतात. लोक एकदा डॉक्टरनं दिलेली ती कॅप्सूल मेडिकलमधनं आणून वर्षानुवर्षं खातात. तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक पुड्या पण.

आणि पोट. तांबडा-पांढऱ्यावर माझं काही म्हणणं नाही, पण चाळिशीतला वजन शंभराला टेकलेला, शुगर असलेला, रात्री घोरून घोरून श्वास अडकणारा माणूस टेस्टोस्टेरॉन कमी म्हणून येतो तेव्हा त्याचं मूळ तिथंच असतं. चरबीत टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होतं, शिवाय रक्तात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं एसएचबीजी नावाचं प्रथिन लठ्ठपणात कमी होतं, त्यामुळं एकूण आकडा कमी दिसतो आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन बरं असतं. अशा वेळी एसएचबीजी बघून फ्री टेस्टोस्टेरॉन काढावं लागतं. वजन उतरलं, शुगर आटोक्यात आली, घोरण्याचा इलाज झाला की पुष्कळांचा आकडा आपोआप वर येतो. ताठरपणाची तक्रार तर बहुतेक वेळा हार्मोनची नसतेच, रक्तवाहिन्यांची असते, आणि हृदयाचा त्रास सुरू व्हायच्या काही वर्षं आधी ती दिसू शकते. म्हणजे ज्या माणसाचा बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, ईसीजी बघायला पाहिजे त्याला टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं जातं.

आता ज्यासाठी मी मुळात लिहायला बसलो ते. करवीर तालुक्यातल्या एका गावचं जोडपं आलं होतं, लग्नाला काही वर्षं झालेली, मूल नाही. नवऱ्याची वीर्य तपासणी. मी मायक्रोस्कोपखाली बघितलं, एकही शुक्राणू नाही. सॅम्पल सेंट्रिफ्यूजला फिरवून तळाचा गाळ बघितला, तिथंही नाही. असा निल रिपोर्ट देताना हात जड होतो. बोलता बोलता कळलं की या माणसाला थकवा आणि उत्साह नाही म्हणून दर तीन आठवड्याला टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन चालू होतं, खूप दिवसांपासनं. खिशातनं त्यानं मोकळ्या ॲम्प्यूलचा खोका काढून दाखवला, म्हणाला हे तर ताकदीचं आहे, ह्यानं तर फायदाच होणार की. मूल पाहिजे का एवढं सुद्धा त्याला कुणी विचारलं नव्हतं. बायको शेजारी उभी होती. तिची सोनोग्राफी झालेली, नळ्यांची तपासणी झालेली, नवस-उपवास झालेले, घरातले बोल ऐकून झालेले. तिनं मला एवढंच विचारलं, मग माझ्या तपासण्या कशाला केल्या? मला उत्तर देता आलं नाही, मी त्यांना रिपोर्ट घेऊन लगेच तज्ज्ञ डॉक्टरांकडं जायला सांगितलं.

म्हणून स्पष्ट लिहितो. बाहेरनं टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूला वाटतं शरीरात भरपूर आहे, एलएच-एफएसएच बंद होतात, आणि अंडकोषाच्या आत शुक्राणू बनवायला जे स्वतःचं टेस्टोस्टेरॉन लागतं ते तयार होईनासं होतं. शुक्राणू कमी होत होत शून्यावर येऊ शकतात. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० च्या दशकात टेस्टोस्टेरॉनचं आठवड्याचं इंजेक्शन पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासून बघितलं होतं. आपल्याकडं तेच इंजेक्शन मूल पाहिजे असलेल्या माणसाला 'ताकद' म्हणून दिलं जातंय. बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू सहा महिने ते वर्षभरात परत येतात, काहींना दोन वर्षं सुद्धा लागतात, आणि आधीच काही दोष असेल तर खात्री कुणी देत नाही. मूल पाहिजे असेल तर दुसरे उपाय आहेत, एचसीजी, एफएसएचची इंजेक्शनं, काही वेळा क्लोमिफेन, पण ते हार्मोनच्या किंवा वंध्यत्वाच्या तज्ज्ञानंच ठरवायचं. माझ्यामते टेस्टोस्टेरॉन लिहून देणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीवर 'मूल हवे आहे का, विचारले' असं लिहायची सक्ती पाहिजे.

जिमबद्दल लिहिताना जास्त वाईट वाटतं कारण हे कोल्हापूर आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ ला खासबागचं मैदान उभं केलं, गंगावेश, मोतीबागच्या तालमीत पोरं पहाटे उठून जोर-बैठका मारतात, बदामाची थंडाई आणि म्हशीच्या धारोष्ण दुधावर अंग कमावतात, वर्षं लागतात त्याला. आणि त्याच गावात आता बारा आठवड्यांत शरीर पाहिजे म्हणून नँड्रोलोन, स्टॅनोझोलोल असली स्टेरॉइडं आणि टेस्टोस्टेरॉन टोचून घेणारी पोरं आहेत. ती रिपोर्टवर लगेच ओळखू येतात, एलएच आणि एफएसएच जवळजवळ शून्य, हिमोग्लोबिन अठराच्या वर, चांगलं कोलेस्टेरॉल तळाला. दंड भरलेले असतात आणि अंडकोष आकसलेले. सोडलं की काही महिने स्वतःचं बनत नाही, मग पोरगं निराश होतं, झोप लागत नाही, इच्छा मरते, आणि त्यावर इलाज म्हणून परत तेच टोचतं, असं हे चक्र. कुस्तीत उतरणाऱ्यानं तर लक्षात ठेवावं की टेस्टोस्टेरॉन आणि त्याची भावंडं खेळात बंदी असलेली आहेत, देशात २०२२ पासून डोपिंगविरोधी कायदा सुद्धा झालाय. वस्ताद मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, तालमीत याबद्दल उघड बोला. तुमचा शब्द पोरं ऐकतात, आमचं कोण ऐकतंय. आणि टेस्टोस्टेरॉन हे चिठ्ठीशिवाय विकायचं औषध नाही, शेड्यूल एचमध्ये येतं, तरी ते पोरांच्या हातात कसं पडतं हे औषध प्रशासनानं शोधलं पाहिजे.

ज्याला खरंच गरज आहे त्यानं मात्र हे वाचून घाबरू नये. नीट निदान होऊन घेतलेल्या उपचारानं आयुष्य सुधारतं. दोन-तीन आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनं आहेत, १० ते १४ आठवडे चालणारं १००० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आहे, रोज अंगाला लावायचं जेल आहे. जेल लावणाऱ्यानं हात धुवावेत आणि ती जागा कपड्यानं झाकावी, नाहीतर लहान मुलाला उचललं तर त्याच्या अंगाला लागतं आणि त्याच्यात नको ते बदल दिसायला लागतात. सुरू करायच्या आधी हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) आणि वयाप्रमाणं पीएसए बघायचं, मग तीन ते सहा महिन्यांनी, मग दरवर्षी. रक्त दाट होतं हा याचा नेहमीचा त्रास आहे, हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर औषध थांबवतात. प्रोस्टेटचा कॅन्सर असेल, नुकताच हार्ट अटॅक किंवा पॅरालिसिसचा झटका येऊन गेला असेल तर देत नाहीत. २०२३ साली ट्रॅव्हर्स नावाच्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला, ४५ ते ८० वयाचे, टेस्टोस्टेरॉन कमी असलेले आणि हृदयरोगाचा धोका असलेले पाच हजारांवर पुरुष त्यात होते. जेल लावणाऱ्यांत हार्ट अटॅक-स्ट्रोकचं प्रमाण जास्त आढळलं नाही, ही चांगली बातमी. पण ठोके अनियमित होणं, फुफ्फुसात गुठळी अडकणं, किडनीला इजा होणं हे त्यांच्यात थोडं जास्त दिसलं. म्हणजे देखरेखीखाली घ्यायचं औषध आहे. इंजेक्शन चालू आणि दोन-दोन वर्षं सीबीसी नाही, अशी माणसं माझ्याकडं येतात.

हे सगळं बिघडलंय त्याच्या मुळाशी लाज आहे. आपल्याकडं माणूस कट्ट्यावर राजकारणापासनं फुटबॉलच्या मॅचपर्यंत तासन्‌तास बोलेल, पण हे बोलणार नाही. लॅबमध्ये सुद्धा दुपारी गर्दी नसताना येतो, चिठ्ठी उलटी घडी घालून देतो, समोर लेडीज स्टाफ असेल तर परत जातो. मग तो जातो कुठं, तर रस्त्याकडेच्या तंबूत जडीबुटीवाल्याकडं, नाहीतर 'गुप्त समस्या, शंभर टक्के गॅरंटी' अशी जाहिरात वाचून. असल्या 'हर्बल' म्हणून विकलेल्या गोळ्यांमध्ये गुपचूप सिल्डेनाफिल हे ताठरपणाचं औषध मिसळलेलं देशोदेशीच्या औषध खात्यांना सापडलेलं आहे, आणि छातीत दुखतं म्हणून नायट्रेटची गोळी चालू असलेल्या माणसानं ते घेतलं तर बीपी एकदम कोसळून जीवावर बेततं. संपादक महाराज, इथं मला वर्तमानपत्रांनाही सांगायचंय. १९५४ चा औषधे आणि जादुटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा कायदा आहे, लैंगिक ताकद वाढवायचा दावा करणाऱ्या औषधांची जाहिरात त्यात सरळ बंद केलेली आहे. तरी आतल्या पानांवर छोट्या जाहिराती येतात. आपण आपल्या पेपरात तरी त्या घेऊ नयेत, आणि त्याच जागेत महिन्यातनं एकदा एखाद्या एंडोक्रायनॉलॉजिस्टला लिहायला सांगावं, नाव न देता विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायला सांगावं. वाचक ते पान कापून ठेवतील. सरकारी दवाखान्यात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, हार्मोनच्या तक्रारी असलेल्या पुरुषांनी कुठल्या दिवशी, कुठल्या ओपीडीला जायचं हेही छापा, खेड्यापाड्यातनं येणाऱ्याला तेच माहीत नसतं.

माझ्याच व्यवसायातल्या लोकांना एक मागणी आहे. टेस्टोस्टेरॉनच्या रिपोर्टवर सॅम्पल किती वाजता घेतलं आणि पेशंट उपाशी होता का हे मोठ्या अक्षरात छापा, आणि संध्याकाळी कुणी आलं तर पैसे न घेता उद्या सकाळी या म्हणून सांगा. थोडं गिऱ्हाईक जाईल, जाऊ दे.

आणि ज्यांचं इंजेक्शन आधीच चालू आहे त्यांनी हे वाचून स्वतःच्या मनानं ते एकदम बंद करू नये. जुने सगळे रिपोर्ट, इंजेक्शनचा खोका, चालू असलेल्या गोळ्या घेऊन हार्मोनच्या डॉक्टरकडं जावं, पहिला रिपोर्ट किती वाजताच्या सॅम्पलचा होता ते आठवत असेल तर सांगावं, आणि मूल हवं असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगावं, सोबत बायकोला न्यावं.

आपला,
एक लॅब टेक्निशियन, राजारामपुरी, कोल्हापूर
(नाव आपल्याकडे दिले आहे, कृपया छापू नये.)